नेटी घसरली नव्हती

“झाकण काढ गं, नेटी! पिरोग्यांचा लगदा होईल!”

नेटीने पिरोग्यांच्या, म्हणजे बटाटा भरून उकडलेल्या करंज्यांच्या, पातेल्याचं झाकण काढलं आणि वाफेचा लोट तोंडावर घेतला. ड्रायबरीच्या गावसभागृहाचं स्वयंपाकघर जुलैच्या त्या दुपारी भट्टीसारखं तापलं होतं. बाहेर क्रीडादिन रंगात आला होता. पंचक्रोशीतले ट्रक बेसबॉलच्या मैदानाभोवती तोंडं आत करून उभे होते, आणि चांगला फटका बसला की सगळे एकदम हॉर्न वाजवत होते. गव्हाच्या शेतांवरून येणारा वारा बिअरचा तंबू असा फडफडवत होता, की आत बसलेल्यांना ओरडूनच बोलावं लागत होतं. तसे ते एरवीही ओरडूनच बोलत.

हुकूम सोडणारी ॲडलिन नेटीची नणंद. स्वतः मात्र ती कोपर टेकून खिडकीत उभी होती. “आला बघ लायल फटका मारायला. काय चाल आहे पोराची! डिट्टो मेट्रो.”

नेटीने मान वर केली नाही. मेट्रो तिचा नवरा. त्याची चाल तिला बघावी लागत नसे, ती ऐकू येई. ओसरीच्या पायरीवर बूट कसा आपटतो यावरून तिला संध्याकाळचा अंदाज येई. लग्नाच्या पहिल्या हिवाळ्यात त्याने तिचे दोन दात पाडले. गुरांच्या गोठ्यात घोड्याने लाथ मारली, असं तिने गावाला सांगितलं. आणि गावाने ते इतक्या तत्परतेने मान्य केलं, की पुढे कधी तिला फार डोकं चालवावं लागलं नाही. कधी जिन्यावरून पडली, कधी बर्फावर. मेट्रो गावच्या अग्निशामक पथकाचा म्होरक्या होता. कुणाचं कोठार पेटलं की सगळ्यांच्या आधी तो धावायचा. शेवटी मळणीयंत्रावर बसल्या बसल्या त्याचं हृदय थांबलं. गडी गेला तरी यंत्र चालतच राहिलं, आणि कुंपण तोडून शेजाऱ्याच्या सूर्यफुलांत घुसलं. अंत्यविधीला सभागृह कमी पडलं. ‘असा माणूस होणे नाही,’ असं जो तो म्हणत होता. नेटी मनात म्हणाली, न होवो.

आता पथकाचा म्होरक्या त्यांचा मुलगा, लायल होता.

मैदानात चेंडू टाकणारा होता मर्विन व्हाइटकाफ. उत्तरेकडच्या क्री आदिवासींच्या राखीव वस्तीतला संघ त्या वर्षी पहिल्यांदाच ड्रायबरीला खेळायला आला होता. लांब हातांचा, सडपातळ पोरगा. हात मागे नेताना त्याला कसली म्हणून घाई नव्हती. चेंडू मात्र सुटला की दिसत नव्हता, नुसता झेलणाऱ्याच्या हातमोज्यात आपटल्याचा आवाज येत होता. लायलने पहिला हुकवला. दुसराही. तिसऱ्याला त्याने जीव खाऊन बॅट फिरवली आणि स्वतःभोवती गिरकी घेऊन गुडघ्यावर पडला.

“अरे लायल, माश्या मारतोस का रे?” ट्रकांमधून कुणीतरी ओरडलं, आणि अख्खं मैदान हसलं.

लायलही हसला. नेटीने नेमकं तेव्हाच खिडकीतून पाहिलं. तो हसत हसत पँटची धूळ झटकत होता, पण कानांपासून खाली त्याची मान लाल होत चालली होती. मेट्रो असा हसला, की दार किती लांब आहे ते ती आधी बघून ठेवायची.

सामना वस्तीवाल्यांनी जिंकला. थोड्या वेळाने मर्विन स्वयंपाकघराच्या खिडकीशी आला. खांदा चोळत म्हणाला, “मावशी, थोडा बर्फ मिळेल का? खांदा पेटलाय नुसता.”

“बर्फ बिअरच्या तंबूत,” ॲडलिन म्हणाली.

“तिथं गेलो होतो. ते म्हणाले, स्वयंपाकघरात.”

नेटीने फडक्यात बर्फ बांधून दिला आणि न विचारताच बशीत चार पिरोग्या वाढल्या, वरून तळलेला कांदा. पोरगा उभ्या उभ्याच खायला लागला. “आईला सांगू नका हं. दुसऱ्याच्या हातचं आवडलं असं कळलं तर घरात घ्यायची नाही मला.”

“मला काय माहीत तुझी आई कोण ते.”

“माहीत आहे की. पंच चोर आहे म्हणून मघापासून बोंबलत होती ना? तीच.”

नेटीला हसू फुटलं. ॲडलिनने तिच्याकडे असं पाहिलं, की ते तिथेच विरलं.

संध्याकाळच्या पंगतीची तयारी सुरू झाली. मोरी सकाळपासून तुंबली होती, म्हणून पिरोग्या काढून घेतल्यावर उरलेलं पाणी मागच्या गवतात ओतायचं ठरलं होतं. नेटीने पातेल्याचे दोन्ही कान फडक्यांनी धरून ते उचललं, पाठीने दार ढकललं आणि ती बाहेर आली. पाण्याला अजून उकळी होती.

आधी आवाज आला. ओल्या ओंडक्यावर कुऱ्हाडीची मागची बाजू मारावी तसा. मग तिला दिसलं.

मर्विन जमिनीवर पालथा पडला होता. लायलचा दोस्त बॅरी टेव्स त्याच्या पायांवर बसला होता, बॅरीच्या भावाने त्याचा एक हात बुटाखाली दाबून धरला होता. तोच हात, चेंडू टाकायचा. बॅट लायलकडे होती. मर्विनने तोंड वळवलं तेव्हा एका डोळ्याच्या जागी नुसतं रक्त होतं. तो ओरडत नव्हता. नाकातून बुडबुडे काढत कसाबसा श्वास घेत होता.

“टाक ना आता,” लायल त्याला म्हणत होता. “टाक की चेंडू. हसव लोकांना.” आणि त्याने बॅट कोपरावर आणली. हाड मोडल्याचा आवाज नेटीला ओळखीचा होता. तो तिने स्वतःच्या अंगातून ऐकला होता.

“लायल!”

त्याने वळून पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. कामात व्यत्यय आल्यावर माणूस पाहतो, तसं त्याने पाहिलं. “आत जा, आई,” तो हळूच म्हणाला.

मेट्रोही असंच म्हणायचा. पोरगा लहान असताना मेट्रो कमरेचा पट्टा काढायचा आणि तिला म्हणायचा, “आत जा, नेटी.” आणि नेटी आत जायची. बटाटे सोलत बसायची. आवाज थांबेपर्यंत सोलतच राहायची. घरात खाणारी तोंडं तीन आणि बटाटे वीस माणसांचे होऊन बसायचे.

लायलने पाय फाकवले आणि बॅट डोक्याच्या वर नेली. या वेळी खाली मर्विनचं डोकं होतं.

नेटी आत गेली नाही. ती पुढे झाली आणि तिने ते पातेलं त्याच्या हातांवर रिकामं केलं.

लायलची किंकाळी बिअरच्या तंबूपर्यंत गेली. बॅट पडली. तो गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही हात पुढे धरून त्यांच्याकडे बघत राहिला, जणू ते दुसऱ्याच कुणाचे आहेत. कातडी बघता बघता पांढरी होऊन सुटायला लागली होती. बॅरीने उठून नेटीच्या छातीत धक्का मारला. ती रिकाम्या पातेल्यावर आपटली आणि तिची कपाळपट्टी फुटली. रक्त डोळ्यात उतरलं, तरी ती सरपटत गेली आणि मर्विनच्या डोक्यापाशी जाऊन बसली. बॅरीच्या भावाने बॅट उचलली होती.

“मार,” ती त्याला म्हणाली. “आधी मला मार.”

त्याने बॅट टाकली आणि तो पळाला.

मग माणसं आली. गर्दी झाली. कुणी लायलच्या हातांवर पाणी ओतत होतं, कुणी रुग्णवाहिकेला फोन करायला धावलं होतं. मर्विनजवळ मात्र त्याच्याच संघातली पोरं होती आणि त्याची आई, इडा. तिने पोराचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि ती त्याच्या कानात त्यांच्या भाषेत सारखं एकच काहीतरी बोलत होती.

पाच-दहा मिनिटांत गावाची हकीकत तयार झाली. वस्तीतली पोरं प्यायली होती. त्यांनीच कळ काढली. झटापट झाली. तेवढ्यात नेटी पातेलं घेऊन बाहेर आली.

“आणि तू घसरलीस,” ॲडलिन तिच्या कपाळावर फडकं दाबत म्हणाली. “ओलं गवत होतं. पाय घसरला तुझा. ऐकतेस ना? तुझ्या पोटचा आहे तो, नेटी. मेट्रोचा एकुलता एक.”



पोलीस शिपाई नवखा होता, पूर्वेकडून बदलून आलेला. तो सभागृहाच्या पायरीवर तिच्यासमोर बसला. मागे अर्धं गाव उभं होतं. “प्रोकोपचुक बाई, लोक सांगतात तुम्ही घसरलात.”

“नाही.”

“म्हणजे?”

“घसरले नाही. ओतलं.”

“कुणावर?”

“माझ्या मुलावर. तो त्या पोराचा जीव घेत होता.”

मागे कुणीतरी थुंकल्याचा आवाज आला. ॲडलिनने हातातलं फडकं खाली टाकलं आणि ती निघून गेली.

*

त्यानंतर ड्रायबरीत नेटी राहत होती, पण गाव तिचं राहिलं नाही. टपाल कार्यालयात ती शिरली की बोलणं थांबे. चर्चमध्ये तिच्या बाकावर तिच्या बाजूला कुणी बसत नसे. ऑगस्टमध्ये एका दुपारी ती भाजीचे वाफे खणत असताना रस्त्यावर एक ट्रक थांबला, गोळीचा आवाज झाला आणि ट्रक धूळ उडवत गेला. तिचा म्हातारा कुत्रा फाटकापाशी पडला होता. पोट फुटलं होतं, तरी शेपटी हलत होती. ट्रक तिने ओळखला; गावातलाच होता. हातातल्या फावड्याने कुत्र्याला त्या वेदनेतून तिलाच सोडवावं लागलं. मग त्याच फावड्याने तिने खड्डा खणला.

सहकारी दुकानात एकदा कॉनी, तिची सून, समोर आली. रांग लागलेली होती. कॉनीने पिठाची पिशवी खाली ठेवली आणि नेटीच्या थोबाडीत मारली. एकदा, मग पुन्हा. “स्वतःचा पोरगा! कुत्रीसुद्धा पिल्लू असं भाजत नाही!”

नेटीने गालावर हात ठेवला नाही. ती कॉनीच्या दंडांकडे बघत होती. चार वर्षांत ही पोर कधी उन्हाळ्यातसुद्धा अर्ध्या बाह्यांत दिसली नव्हती. त्या दिवशी तिने बिनबाह्यांचा फ्रॉक घातला होता. दंडांवर बोटांच्या आकाराचे जुने डाग होते, पिवळे पडून विरत आलेले. कॉनीला तिची नजर कळली. तिने हात छातीशी ओढून घेतले, पिठाची पिशवी तिथेच टाकली आणि ती बाहेर पडली.

खटल्यात लायलला तुरुंगवास झाला. टेव्स बंधू त्यापेक्षा कमीत सुटले. नेटीने साक्षीच्या पिंजऱ्यात जे पाहिलं ते सांगितलं. बचावाचा वकील गोड बोलून तिला घसरवायचा प्रयत्न करत राहिला, आणि ती प्रत्येक वेळी म्हणाली, “ओतलं.” लायल सबंध वेळ पट्ट्यांतले हात मांडीवर ठेवून बसला होता. त्याने एकदाही वर पाहिलं नाही.

बाहेर बोळात इडा व्हाइटकाफ भिंतीला टेकून उभी होती. ठेंगणी, जाड भिंगांचा चष्मा. नेटी तिच्यासमोर थांबली. काय बोलायचं ते तिने बसमध्ये ठरवलं होतं, त्यातलं एक अक्षर आठवेना.

“कसा आहे तो?” तिने विचारलं.

“डोळा गेला. हात वर होत नाही.” इडाने तिला नीट पाहून घेतलं. “सगळे सांगतात, तुझ्यामुळे तो जिवंत आहे.”



“आणि मारणाराही तूच वाढवलास,” इडा म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “आभार कशाचे मानू, सांग. मला नाही जमत.”

“नका मानू,” नेटी म्हणाली.

 इडा भिंतीलगतच्या बाकावर बसली आणि सरकून तिने शेजारी जागा केली. नेटी बसली. बस यायला वेळ होता.

ऑक्टोबरात गावचं कापणीनंतरचं जेवण होतं. लग्न होऊन आल्यापासून नेटीने ते चुकवलं नव्हतं. तिने रात्रीच कोबीची पानं उकडून ठेवली, भात आणि खिमा भरून त्यांच्या गुंडाळ्या केल्या, आणि झाकणाचं मोठं भांडं छातीशी धरून ती सभागृहाच्या पायऱ्या चढली. दारात ॲडलिन होती.

“आत माणसं पुष्कळ आहेत कामाला,” ॲडलिन तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत म्हणाली.

“मी जेवायला आले आहे.”

तेवढ्यात मागून बॅरी टेव्स आला. आठवड्यापूर्वीच सुटून आला होता. “वाट सोड की, म्हातारे,” म्हणत त्याने खांदा मारला. भांडं उडालं, नेटी कडेच्या कठड्यावर पडली आणि तिचं मनगट अंगाखाली मोडलं. कोबीच्या गुंडाळ्या पायऱ्यांवरून घरंगळत गेल्या. आत गाणी चालू होती. दारातून बरेच जण बघत होते.

“अरे, घसरली बघा,” बॅरी म्हणाला, आणि दोघंतिघं हसली.

ॲडलिन हसली नाही. तिने क्षणभर हात पुढे केला, मग मागे घेतला. नेटी स्वतःच उठली. मोडका हात पोटाशी धरून ती आपल्या ट्रकपर्यंत चालत गेली, आणि एका हाताने चालवत, वाकड्या वळणांनी घरी आली.

*

लायल सुटला तो पुढल्या वर्षीच्या पेरणीच्या दिवसांत. सकाळची वेळ होती. नेटी जाळीने बंद केलेल्या ओसरीत बियाण्याचे बटाटे कापत बसली होती. ट्रक थांबला. फाटक उघडल्याचा आवाज आला आणि मग पायरीवर बूट आपटला.

तिने सुरी खाली ठेवली.

तो दारात उभा राहिला. बारीक झाला होता. दाढी वाढलेली. “बाबांची बंदूक कुठंय?”

“कशाला हवी?”

“माझी आहे ती. कशाला हवी ते मी बघेन.” तो सरळ आत शिरला, बुटांच्या फळीच्या वर जिथे मेट्रोची बंदूक टांगलेली असायची तिथे गेला. खुंट्या रिकाम्या होत्या. “कुठंय?”

“शेततळ्यात टाकली. हिवाळ्याआधी.”

“बाबांची बंदूक?” तो वळला. “तू फेकलीस?”

“हो.”

“कॉनी गेली, माहितेय तुला? पोरीला घेऊन. रेजायनाला. पत्तासुद्धा देत नाही.” तो पुढे येत होता. बुटाखाली बटाटा चिरडला. “सगळं संपवलंस तू माझं. सगळं.” आणि त्याने हात उगारला.

नेटीने तोंड झाकलं नाही. इतकी वर्षं तिचे हात आपोआप वर जात असत. त्या सकाळी ते गेले नाहीत. ती त्याच्याकडे बघत उभी राहिली. उगारलेला हात तिच्या डोळ्यांसमोर होता. कातडी गुलाबी, चकचकीत, मेणासारखी ओघळून गोठलेली. त्याची बोटं आत वळत होती, पण मूठ पुरती मिटत नव्हती. तो जोर लावत होता, मनगटाच्या शिरा फुगल्या होत्या, आणि तरी बोटं तळव्यापाशी येऊन अडत होती.

त्यालाही ते दिसलं.

हात हळूहळू खाली आला. तो भिंतीला टेकून जमिनीवरच बसला. बाहेर वाऱ्याने पवनचक्की करकरत होती.

“बाबा मला मारायचे,” तो अखेर म्हणाला. आवाज लहान झाला होता. “पट्ट्याने. तुलाही मारायचे. चुलीवर तेव्हाही पाणी उकळत असायचं.” त्याने वर पाहिलं. “तेव्हा का नाही ओतलंस?”

नेटी उभीच होती. उत्तर तिच्याजवळ होतं, फार जुनं आणि फार साधं.

“भ्यायले होते,” ती म्हणाली.

“मी सात वर्षांचा होतो, आई.”

“माहीत आहे.”

“मी दाराकडे बघत असायचो. तू येशील म्हणून.”

“माहीत आहे मला, लायल.”

त्याने बाहीने नाक पुसलं. ती त्याच्याकडे एक पाऊल गेली, तसा त्याने हात आडवा धरला. नको म्हणून. मग भिंतीचा आधार घेत तो उठला, चिरडलेल्या बटाट्याकडे पाहिलं, पायाने तो कडेला सारला आणि बाहेर पडला.

नेटी जाळीच्या दारापर्यंत गेली. वारा चांगलाच होता, फाटक सारखं उघडं पडत होतं. ते बांधायला तारेचं एक कडं होतं, खांबावर ओढून अडकवायचं. लायलने ते बोटांत धरलं, ते निसटलं. पुन्हा धरलं, पुन्हा निसटलं. फाटक तसंच उघडं सोडून तो सहज जाऊ शकला असता; आत राखायला आता ना गुरं होती, ना कुत्रा. पण तो गेला नाही. त्याने फाटक खांद्याने दाबून धरलं, दोन्ही तळहातांच्या मध्ये ते कडं पकडलं आणि दातओठ खात ते वर सरकवायला लागला.

नेटीचा हात दाराच्या कडीवर गेला होता. तो तिने तिथेच ठेवला. बाहेर गेली नाही.

कडं खांबावर बसलं. लायलने एकदा फाटक हलवून पाहिलं. ते घट्ट होतं. मग तो ट्रककडे वळला.